तारेच्या टोकाला

टेलिफोनच्या खात्यात बाहेरचे आणि आतले यांचं कधी पटलं नाही. बाहेरचे म्हणजे खांबावर चढणारे, आतले म्हणजे पंख्याखाली मशीनपाशी बसणारे. फोन बंद पडला की बाहेरचे म्हणायचे, आमची तार ठणठणीत आहे, तुमचं मशीन झोपलंय. आतले म्हणायचे, मशीन चोख आहे, तुमचीच तार कुठंतरी उसात लोळत असेल. या दोघांच्या मधे टेस्टच्या टेबलावर मी. दोष बाहेरचा की आतला, एवढंच मी ठरवायचं. मी ‘बाहेर’ म्हटलं की लाईनमननं सायकल काढायची. माझं चुकलं तर तो बिचारा उन्हात वस्त्या पालथ्या घालून हात हलवत परत यायचा आणि दिवसभर माझ्याशी बोलायचा नाही. म्हणून मी चुकत नसे. फुशारकी म्हणून सांगत नाही, पुढचं ऐकताना लक्षात असावं म्हणून सांगते.

ठरवायची रीत सोपी होती. प्रत्येक फोनच्या पोटात घंटीजवळ एक कंडेन्सर असतो. एक्स्चेंजमधून तारेला मीटर लावलं की तो कंडेन्सर क्षणभर वीज पितो आणि मीटरची सुई उसळी मारून परत जागेवर येते. उसळी चांगली आली तर तार शाबूत, तिच्या टोकाला फोन आहे. सुई नुसतीच थरथरली तर तार मधेच तुटलीय. सुईला लाच देता येत नाही आणि तिला कुणाची भीडही नसते. माणसांपेक्षा मला तिचं बरं वाटायचं.

आमचं एक्स्चेंज बारामतीच्या एमआयडीसीच्या पाठीमागं, दोन खोल्यांचं. मी इंदापूरहून रोज एसटीनं यायचे. हे शहाण्णव सालच्या गळिताच्या हंगामातलं. निमगाव केतकी सोडलं की रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या लागायच्या आणि भवानीनगरपर्यंत एसटी त्यांच्या मागं रांगत जायची. ट्रॉल्या भरायला लागल्या की आमच्या तारांचे हाल सुरू. ऊस इतका उंच रचतात की खांबावरच्या तारा त्यात अडकतात, ट्रॅक्टरवाल्याला गाण्याच्या आवाजात काही कळत नाही, आणि तो तारा घेऊन सरळ माळेगावला कारखान्यावर जातो.

त्या दिवशी सकाळी आमचा लाईनमन सोपान एका म्हातारीला घेऊन आला. सोपान पन्नाशीचा, तोंडात सदा तंबाखू, कामाला वाघ आणि बोलायला आंबट.

“म्याडम, ही ताईबाई. जळोचीच्या पल्याड वस्तीवर ऱ्हाती. कचरू गुर्जींची मालकीन. फोन बंद हाय म्हनती.”

कचरू गुरुजी जाऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. मुलगा रविंद्र भिलाईला एका कारखान्यात इंजिनियर होता, बायको मोनालीसह तिकडंच राहायचा. आई एकटी म्हणून त्यानंच फोन घेऊन दिला होता. तो तिकडच्या बूथवरून दर रविवारी सकाळी करायचा.

“जय भीम, बाई,” ताईबाई म्हणाली आणि दारातच धाप लागून थांबली. अंगात काही उरलं नव्हतं. पांढरं लुगडं, हाताच्या काड्या, आणि प्रत्येक वाक्याआधी एक ओढून घेतलेला श्वास.

“कधीपासून बंद आहे?”

“दिवाळीपास्नं वाजला न्हाय.”

“दिवाळीपासून? आणि आज सांगताय? रिसीव्हर उचलून बघायचा होता ना.”

ती जराशी घाबरली. “रवीनं सांगितलं हाय, उगा उचलायचा न्हाय. तू उचलून ठेवलास तर माझा लागनार न्हाय म्हनला. म्हनून मी हात लावत न्हाय. रुमाल घालून ठिवलाय त्याच्यावर. काल शेजारच्या साखरबाईनं उचलला तवा कळलं, आत काईच आवाज न्हाय.”

म्हणजे बंद फोनसमोर बसून ही बाई इतके रविवार घालवत होती. लेकाची आज्ञा म्हणून. मला तिच्या लेकाचाही राग आला आणि तिचाही.

“मला वाटलं इसरला,” ती म्हणाली. “बारामतीच्या डाक्टरनं आपरेशन सांगितलंय, बाई. पोटात गाठ हाय. लवकर करा म्हनले, लेकाला बोलवून घ्या म्हनले. त्याचा फोन आला की सांगीन म्हनून थांबले मी. मला तर लावता येत न्हाय आन त्याचा लंबरबी ठावं न्हाय.”

मी तिला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि तिच्या लाईनला मीटर लावलं. सुईनं दणकून उसळी मारली.

“तार ठीक आहे,” मी सोपानला म्हटलं. “फोनचं डबडंच बिघडलं असणार. दुसरं घेऊन जा.”

सोपान गेला. तासाभरानं त्यानं जळोचीच्या बूथवरून मला फोन केला.

“म्याडम, तुमी काय बघितलं मीटरमदी? घराच्या अलीकडच्या खांबापास्नं दोनी तारा तुटून उसात पडल्यात. गंजल्यात पार. दोन-तीन म्हयनं झालं आसतील.”

“उसळी आहे, सोपान.”

“माझ्या हातात टोकं हायती, म्याडम.”

आता अशा वेळी माणूस काय समजतो? चोरी. वाटेत कुणीतरी आपला फोन गुपचूप जोडून घेतलाय आणि फुकट बोलतोय. तेव्हा हे प्रकार फार चालायचे. मी सोपानला म्हटलं, एक्स्चेंजसमोरच्या खांबावर ये आणि पेटीतूनच तिच्या तारा सोड. त्यापुढं जे काही असेल ते आपोआप सुटेल. तो आला, खिडकीतून मला दिसेल असा खांबावर चढला आणि सोडलेल्या तारा वर करून दाखवल्या. आता माझ्या मीटरपासून त्या खांबापर्यंतची हातभर तार सोडली तर पुढं काहीच नव्हतं.

मी मीटर लावलं. सुईनं उसळी मारली, परत आली.

मग मी ज्ञानेश साहेबांना हाक मारली. साहेब म्हणजे नुकताच लागलेला इंजिनियर, आतल्यांचा आतला, मशीनवर कुणी संशय घेतला की त्याचे कान लाल व्हायचे. मी त्याच्यादेखत फ्रेमवरून, म्हणजे बाहेरची तार मशीनला जिथं जोडतात तिथून, ताईबाईची जोडणी उपटून काढली. आता मशीनमधला तिचा नंबर कुठंच जात नव्हता. न बांधलेल्या घरावर पाटी लावावी तसा.

“लावून बघा,” तो म्हणाला.

मी नंबर फिरवला. रिंग गेली. ज्ञानेश म्हणाला, “रिंग मशीन देतं, त्यात काही नाही.” तेवढ्यात पलीकडून फोन उचलला गेला.

“बोला,” बाईचा आवाज.

“कोण बोलतंय?”

“मी ताईबाई. रवी हाईस व्हय?”

“मी एक्स्चेंजमधून बोलतेय.”

“आमचा फोन ब्येस हाय, बाई. काय तक्रार न्हाय आमची.”

आवाज तोच होता. तेच हेल, तोच थोडा घोगरेपणा. फक्त मधे कुठं धाप नव्हती. मी काचेतून बाहेर पाहिलं. ताईबाई बाकावर बसली होती, साखरबाईनं बांधून दिलेली भाकरी मांडीवर होती, तोंड पदरात धरून ती खोकत होती.

“अजून काय, बाई?” फोनमधला आवाज म्हणाला.

मी रिसीव्हर ठेवला. ज्ञानेशनं मशीनवर त्या नंबरची जागा बदलली, कार्ड बदललं, सगळं पुन्हा चालू केलं आणि स्वतः नंबर फिरवला. त्यानं काय ऐकलं ते मला माहीत नाही. त्यानं फोन ठेवला आणि हळूच म्हणाला, “मशीनमध्ये दोष नाही. मशीन म्हणतंय, फोन उचलला.” मग चहाला म्हणून गेला, तो दुपारपर्यंत आला नाही.

मी ताईबाईला काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? शनिवारपर्यंत तार ओढून देतो, रविवारी तुमचा फोन वाजेल, एवढंच म्हटलं. तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला. तिचे हात गार होते.

पण मला चैन पडेना. फोन दिवाळीपासून तुटलेला होता आणि मुलानं एकदाही विचारपूस केली नव्हती, तक्रार केली नव्हती. असं कसं? आमच्या धंद्यात माणूस शोधणं अवघड नसतं. भिलाईशेजारच्या दुर्गच्या ऑपरेटर बाईला गाठलं, तिच्याकडून कारखान्याचा नंबर काढला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी रविंद्र लाईनवर आला. आवाज आनंदी, अदबीचा.

“तुमच्या आईचा फोन दिवाळीपासून बंद आहे,” मी म्हटलं.

तो हसला. “काहीतरी गैरसमज आहे, मॅडम. मी दर रविवारी बोलतो तिच्याशी. परवाच्या रविवारी चांगलं अर्धा तास बोललो.”

“त्या काय म्हणाल्या?”

“मजेत आहे. मीच मागं लागलोय, येतो म्हणून. ती म्हणते कशाला एवढ्या लांब येतोस, सुट्टी वाया जाईल, मी बरी आहे. खोकला पण गेला म्हणाली.”

“त्यांना डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय. पोटात गाठ आहे. त्या तुमची वाट बघतायत.”

पलीकडं त्यानं दार लावून घेतल्याचा आवाज आला. मला वाटलं, ओळखलं यानं.

“मॅडम, तुम्ही मागच्या आठवड्यात तर असं बोलला नव्हता,” तो म्हणाला. “रविवारी एकदा लाईनमध्ये खरखर आली म्हणून मी तुमच्या तक्रारीच्या नंबरला फोन केला होता. तुम्हीच होतात. लाईन उत्तम आहे म्हणालात, आई सुखरूप आहे म्हणालात. तुमचाच आवाज होता.”

त्या नंबरला मीच बसते. मागच्या आठवड्यात भिलाईहून कुणाचाही फोन आला नव्हता.

“मी तसं काही बोलले नाही,” मी म्हटलं. “तुम्ही निघून या. आजच निघा.”

“रविवारी आईला विचारतो,” तो म्हणाला.

शनिवारी सोपाननं तार ओढली. मी फ्रेमवर जोडणी लावली, मीटर लावलं, उसळी आली. नंबर फिरवला. खूप वेळ वाजल्यावर फोन उचलला गेला, कुणीतरी श्वास ओढून घेतला आणि मग म्हणालं, “हा… हालो?”

मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. ही खरी. तार जोडलेली असली की खरी येते, तुटली की ती दुसरी. माझ्या कामाच्या हिशेबात एवढं बसत होतं आणि तेवढ्यावर मी समाधान मानलं.

रविवारी सुट्टी असून मी इंदापूरहून आले आणि सोपानच्या मोपेडवरून वस्तीवर गेले. घर नीटनेटकं. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, शेजारी गुरुजींचा. कोनाड्यात फोन. ताईबाईनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं. शेजारची साखरबाई चुलीपाशी चहा करत होती.

“आधी काय सांगू?” ताईबाईनं विचारलं. “गाठीचं आधी सांगू का त्याचं विचारू?”

“तो काय म्हणतो ते ऐका, मग सांगा.”

फोन वाजला. तिनं दोन्ही हातांनी रिसीव्हर उचलला आणि कानाला लावला. खोली लहान होती, पलीकडचं मला स्पष्ट ऐकू येत होतं.

“आई?”

“रवी… रवी, लेकरा…” पुढं तिला बोलताच येईना. ती रडायला लागली. “का रं आईला टाकलंस? दिवाळी गेली, थंडी सरत आली, एक फोन न्हाय तुझा. मी रोज बसत व्हते रं हितं…”



“कोण बोलतंय?” रविंद्र म्हणाला.

“मी… मी हाय. तुझी आय.”

“आईला द्या.”

“आरं मीच हाय रवी. मला बरं न्हाय. डाक्टरनं…”

“माझ्या आईला धाप लागत नाही,” तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता. त्याला भीती वाटत होती, हे मला कळलं. “आणि माझी आई अशी रडत नाही. तुम्ही आई असाल तर सांगा, मोनालीला कितवा महिना आहे?”

ताईबाईनं माझ्याकडं बघितलं. तोंड उघडं, डोळ्यांत काही उमजत नाही.

“कसला म्हयना?” ती म्हणाली.

फोन कट झाला.

साखरबाईच्या हातातला चहा तसाच राहिला. मी रिसीव्हर ताईबाईच्या हातातून काढून ठेवला. त्या मुलाला माझ्या हाताच्या अंतरावर आणून उभं करावं आणि थोबाडीत द्यावी, असं मला वाटलं. पण त्याचं तरी काय चुकलं होतं? त्याच्या समजुतीनं ही बातमी त्यानं आईलाच दिली होती. पहिल्यांदा आईलाच.

ताईबाई म्हणाली, “मोनालीला दिवस गेल्यात.”

“हो.”

“आन मला ठावं न्हाय.” मग अगदी साध्या आवाजात तिनं विचारलं, “मग त्यो कुनाशी बोलतोय, बाई?”

तिला आता खोटं सांगणं मला जमेना. जेवढं मला माहीत होतं तेवढं सांगितलं. ती ओरडेल, देव्हारा-भगत काढेल असं साखरबाईला वाटलं असणार, ती तिच्याजवळ सरकून बसली. पण गुरुजींच्या घरात तसलं काही नव्हतं. ताईबाईनं सगळं शेवटपर्यंत ऐकलं.

“चांगली बोलती का ती?” तिनं विचारलं.

“कोण?”

“तीच. त्याच्याशी. मोनालीला काय खायाला सांगती? नीट सांगती का? जड उचलू नगं म्हनती का?”

सोपान दारातून उठून बाहेर गेला आणि तंबाखू थुंकून आला.

सोमवारी सकाळी मीटरला मी पहिली तिचीच लाईन लावली. उसळी होती. नंबर फिरवला.

“बोला,” धाप नसलेला आवाज म्हणाला.

मी सोपानला पाठवलं. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात तारेचा तुकडा होता. तो त्यानं माझ्या टेबलावर ठेवला.

“ट्रालीनं तुटली की तार ताणून बारीक व्हती, म्याडम. ही बगा. इळ्यानं कापलीय. घरातल्याच तारंला हात घातलाय म्हातारीनं.”

दुपारची सुट्टी टाकून मी वस्तीवर गेले. ताईबाई ओट्यावर अंग टाकून पडली होती. मला पाहून उठायला लागली, मी नको म्हटलं.

“जोडू नका, बाई,” ती म्हणाली. “काल त्यो भ्यायला. माझा आवाज ऐकून माझा लेक भ्यायला. दोगी आलो तर त्यो एकीवरबी इस्वास ठेवनार न्हाय. मग त्याला आईच न्हाय ऱ्हानार. आसू द्या. तिच्याशी हसून बोलतोय ना?”

“ताईबाई, तो आला तर तुम्ही वाचाल.”

“आन तिनं त्याला येऊ दिलं न्हाय तर?”

मला राग आला, रडूही आलं. तिला नाही नाही ते बोलले. अडाणीपणा आहे, हट्ट आहे, पोराला फसवताय, असं सगळं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “चा घ्या.”

तिनं जोडू नका म्हटलं म्हणून मी गप्प बसले असं नाही. त्याच संध्याकाळी रविंद्रला तार केली, आई अत्यवस्थ, ताबडतोब निघा. दुसऱ्या दिवशी तक्रारीच्या नंबरला त्याचा फोन आला. आता आवाजात अदब नव्हती.

“मॅडम, हे काय चाललंय? तार बघून माझे हातपाय गळाले. बूथवर जाऊन आईला फोन केला, तर ती अंगणात सांडगे घालत होती. माझ्या आईच्या नंबरवर क्रॉस कनेक्शन लागतंय, कुणी म्हातारी मधे येऊन रडते, ते आधी बंद करा. मोनाली घाबरलीय. तिला या दिवसांत असलं सोसायचं नाही.”

“ती रडणारीच तुमची आई आहे.”

“वरती तक्रार करीन,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

एक पत्रही टाकलं. त्याला ते मिळालं की नाही, मिळून त्यानं फोनवर आईला वाचून दाखवलं की काय, मला माहीत नाही. उत्तर आलं नाही. त्याच्या कारखान्यात पुन्हा फोन केला तर माझं नाव ऐकून त्यांनी त्याला बोलावलंच नाही. सोपाननं भिलाईला जायची तयारी दाखवली होती, रजेचा अर्जही दिला. पण तेवढा वेळ ताईबाईकडं नव्हता.

एका सकाळी साखरबाईनं तिला बैलगाडीत घालून बारामतीला आणलं. दवाखान्यात मुलगा कुठाय म्हणून विचारलं तेव्हा सही मी केली. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, जे करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं, पण गाठ फार पुढं गेली होती. शुद्धीवर आली तेव्हा मी जवळ होते.

“म्हयने भरत आलं असतील,” ती म्हणाली.

“अजून वेळ आहे.”

“पहिलं बाळंतपन. आईपाशी व्हायला पायजे.” तिनं डोळे मिटले. “मोनालीला आई न्हाय, बाई. ल्हानपनीच गेली. रवीनं सांगितलं नसंल तुमाला.”

दुपारी ती गेली.

वस्तीवरच्या लोकांनी सगळं रीतसर केलं. त्रिशरण, पंचशील म्हटलं. अग्नी साखरबाईच्या मुलानं दिला. सोपान एकीकडं उभा राहून सबंध वेळ खांबावरच्या लोंबत्या तारेकडं बघत होता. ती आम्ही जोडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी एक्स्चेंजमध्ये आल्या आल्या भिलाईला फोन लावला. नाव दुसरंच सांगितलं. रविंद्र आला.

“मी बारामतीहून बोलतेय. फोन ठेवू नका. तुमच्या आई काल गेल्या.”

तो रागावेल असं मला वाटलं होतं. तो रागावला नाही.

“हां, ती म्हणाली मला,” तो म्हणाला.

“कोण म्हणाली?”

“आई. काल संध्याकाळी बोललो ना. ती म्हणाली, ती लाईनवर येणारी म्हातारी गेली बिचारी. आता कुणी मधे येणार नाही.” मग तो म्हणाला, “मॅडम, मी मागं जरा जास्त बोललो. मनात ठेवू नका. घरात सगळे काळजीत होतो.”

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“आणि आता फोनचा प्रश्नच मिटला,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात पोरासारखा आनंद होता. “आई इकडंच येतेय. मोनालीच्या बाळंतपणाला. मी किती दिवस बोलावत होतो, नाहीच म्हणायची. काल आपणहून म्हणाली, आता येते, आता माझं तिकडं काही राहिलं नाही. आज पहाटे दौंडला गाडीत बसायची होती. उद्या दुर्गला घ्यायला जातोय मी.”

“रविंद्र, ऐका. स्टेशनवर जाऊ नका. मोनालीला घेऊन दुसरीकडं…”

त्यानं ऐकलं नाही. पलीकडं त्याला कुणीतरी कामाला हाक मारली आणि तो घाईत “जय भीम” म्हणून गेला.

ज्ञानेश साहेब दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. आम्ही दोघं फ्रेमपाशी गेलो. ताईबाईच्या नंबरच्या जागची जोडणी मी आधीच काढून टाकली होती, दोन्ही खिळे मोकळे होते. मी मीटर लावलं. सुई नुसतीच थरथरली.

मग मी तिचा नंबर फिरवला. आम्ही दोघांनी रिसीव्हरला कान लावले.

रिंग व्यवस्थित जात होती. वाजून वाजून थांबली. घरी कुणी नव्हतं.